दोन गतींच्या मध्ये

यंत्रांविषयीचे माझे अज्ञान अगाध आहे. कलाशाखेचा पदवीधर आणि मराठीचा शिक्षक असल्यामुळे त्या अज्ञानाची मला कधी लाजही वाटली नाही. गाडी चालते आहे तोवर तिच्या पोटात काय आहे याची चौकशी करू नये, असे माझे सोयीस्कर तत्त्वज्ञान होते. गेल्या दिवाळीच्या सुटीत चलथाणच्या एका गॅरेजात ते तत्त्वज्ञान मोडीत निघाले.

सुरतेहून मी गोव्याला, फोंड्याजवळच्या आमच्या गावी निघालो होतो. वाहन म्हणजे एक जुनी जीप. तिचा क्लच दाबला की आतून एक बारीक किंकाळी उमटे. दोन महिने मी ती ऐकत होतो आणि न ऐकल्यासारखे करीत होतो. कडोदऱ्याहून महामार्गाला लागलो आणि चलथाण येईतो त्या किंकाळीची खरखर झाली. गिअर करकरल्याखेरीज पडेना. उसाने भरलेले ट्रक साखर कारखान्याकडे चालले होते. त्यांच्या रांगेतून वाट काढीत जीप कशीबशी बाजूला घेतली, तो समोरच गॅरेज दिसले.

मिस्त्री मूळचे खानदेशातले निघाले. त्यात नवल नव्हते. सुरत-जळगाव लोहमार्ग चलथाणवरूनच जातो, आणि त्या वाटेने पोटासाठी इकडे आलेली माणसे आमच्या शाळेच्या पटावरही भरपूर आहेत. मिस्त्रींनी पान्याला हात लावण्यापूर्वी नुसता कान लावला. गिअर न टाकता क्लच हलकेच दाबून पाहिला, आवाज नाही. मग क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला, आवाज हजर! "गुरुजी, पायलट बेअरिंग गेलं," ते म्हणाले. "सिग्नलला गिअरमध्ये क्लच दाबून उभे राहता ना?"

मी निमूटपणे मान डोलावली. चोरी पकडली गेलेल्या विद्यार्थ्याची अवस्था मला त्या क्षणी पुरती समजली.

गिअरबॉक्स खाली उतरला. क्लचप्लेट झिजलेली होतीच. तीही बदलायची ठरली. फ्लायव्हीलच्या मध्यभागी, क्रँकशाफ्टच्या टोकाशी, एक लहानसे बेअरिंग बसवलेले मिस्त्रींनी मला दाखवले. गिअरबॉक्सच्या शाफ्टचे पुढचे टोक त्यात टेकलेले असते. क्लच सोडलेला असताना इंजिन आणि तो शाफ्ट एकाच गतीने फिरतात. तेव्हा या बेअरिंगला काही काम नसते. क्लच दाबला, दोघांच्या गती निराळ्या झाल्या, की तेवढ्यापुरते ते मधल्या मध्ये फिरू लागते आणि शाफ्टला मध्यावर धरून ठेवते. उभ्या गाडीत गिअर टाकून क्लच दाबून ठेवला, तर शाफ्ट थांबलेला आणि इंजिन फिरते. सारा फरक या चिमुकल्या वस्तूने सोसायचा. त्यातले ग्रीस सुकले की ते आधी ओरडते आणि मग अडकते. अडकले म्हणजे क्लच दाबूनही इंजिन शाफ्टला सोडीत नाही. आपल्याच गतीने फरफटत नेते. गिअर करकरतो तो म्हणूनच.

ते बाहेर काढण्याची युक्ती तर पाहण्यासारखी होती. बेअरिंगमागच्या पोकळीत मिस्त्रींनी ग्रीस ठासून भरले, भोकात नेमका बसेल असा दांडा घातला आणि वरून हातोडीचे ठोके दिले. कोंडलेले ग्रीस दाबाने लहान होत नाही. ते सर्व बाजूंनी दाब देते. पाच-सहा ठोक्यांत बेअरिंग मागून ढकलले जाऊन अलगद पुढे सरकले. पास्कलचा नियम आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तो काम करताना मी प्रथमच पाहिला. नवे बेअरिंग बसवताना मिस्त्रींनी ठोका केवळ बाहेरच्या कड्यावर दिला. आतल्या कड्यावर ठोकले तर छर्रे दुखावतात आणि नवी वस्तू बसतानाच अधू होते, असे ते म्हणाले.

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले, कारण मी असा ठोका दिलेला होता. सुटीपूर्वी 'माझी आई' या निबंधात एका विद्यार्थिनीने पहिलेच वाक्य 'मनी माय' असे, आपल्या घरच्या अहिराणीत लिहिले होते. मी ते शब्द तांबड्या शाईने खोडले आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. त्या दिवसापासून ती मुलगी उत्तरे देईनाशी झाली. दुर्दैव असे की, कोकणी घरातून मराठी शाळेत गेलेल्या एका मुलानेही पूर्वी 'म्हजी आवय' असे लिहिले होते आणि असेच हसे करून घेतले होते. तो मुलगा मीच होतो!

घरच्या भाषेची गती एक, पुस्तकाची दुसरी. दोन्ही जुळतात तेव्हा शिक्षकाची गरज कोणाला भासते? त्या निराळ्या होतात तेव्हाच त्याचे काम सुरू होते. मी मात्र ग्रीस सुकलेल्या बेअरिंगसारखा अडकून बसलो होतो आणि मुलांना पुस्तकाच्या गतीने फरफटत होतो. करकर ऐकू येत होती. दोष मी गिअरला देत होतो.

शाळा उघडल्यावर मी त्या मुलीची वर्गासमोर क्षमा मागितली आणि फळ्यावर तीन ओळी लिहिल्या : मनी माय, म्हजी आवय, माझी आई. तिने तोच निबंध आधी अहिराणीत लिहावा आणि मग आम्ही दोघांनी मिळून तो मराठीत आणावा, असे ठरले. ती लगेच बोलू लागली असे म्हटले तर ते खोटे होईल. आठ दिवस वही कोरीच होती. नवव्या दिवशी दीड पान भरून आले. तिच्या संमतीनेच हे लिहीत आहे.

जीप आता निमूट चालते. सिग्नलला थांबलो की मी गिअर काढतो आणि क्लचवरचा पाय उचलतो. वर्गात एखादे मूल अडखळले, तर लाल शाईच्या लेखणीवरचा हातही आधी उचलतो. मग काय ऐकू येते ते ऐकतो.