कागदावरचे दार



ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला, एका कचेरीत आम्ही कंत्राटावर संगणक सांभाळतो. दाखल्यांच्या अर्जांची माहिती ज्या यंत्रावर साठते, त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. आपल्या लेकरांची नावे, जातीचे दाखले, बँकेची खाती, सारे त्यात. म्हणून त्याची दारे तपासणे हे आमचे काम.

या सर्व्हरशी बोलण्याच्या ठरलेल्या रीतींना प्रोटोकॉल म्हणतात. एसक्यूएल सर्व्हरला मुख्य तीन. शेअर्ड मेमरी त्याच यंत्रावरच्या प्रोग्रॅमसाठी, टीसीपी/आयपी नेटवर्कवरच्या इतर यंत्रांसाठी, आणि नेम्ड पाइप्स बहुधा जुन्या प्रोग्रॅमांसाठी. जे लागत नाही ते बंद ठेवावे, असा नियम. कारणही तसेच आहे. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा किडा याच जातीच्या सर्व्हरांत १४३४ क्रमांकाच्या उघड्या पोर्टमधून शिरला. दहा मिनिटांत जगभरची बहुतेक कच्ची यंत्रे त्याने गाठली. एकूण आकडा सुमारे ७५ हजार. दुरुस्ती सहा महिने आधीच आली होती, पण अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

आमच्या वहीत लिहिले होते, ‘नेम्ड पाइप्स वापरात नाही.’ आम्ही वहीवर विश्वास ठेवून ते बंद केले. बदल सर्व्हिस पुन्हा सुरू केल्यावरच लागू होतो, म्हणून रात्री तेही केले. सकाळी पावती छापणारा जुना प्रोग्रॅम ठप्प. वैभववाडीहून पहाटेची एस.टी. धरून आलेली एक माउली मुलीचा अर्ज घेऊन खिडकीशी उभी. म्हणाली, “भाऊ, उद्या परत येऊचा लागतला काय? आजची मजुरी तर गेलीच.”

आमची मान खाली गेली. दुपारी चूक सापडली, पावती निघाली. तिची मजुरी मात्र परत आली नाही.

तेव्हा आम्हांला महाड आठवले. नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. पण ठराव कागदावर, आणि पाणी दूर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा तो ठराव खरा करून दाखवला. कागदावर लिहिलेले आणि प्रत्यक्ष चालणारे यांत अंतर असते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक?

आता आम्ही वहीला नव्हे, सर्व्हरलाच विचारतो. कोणते यंत्र कोणत्या मार्गाने जोडले आहे, त्याची यादी तो स्वतः देतो. पण ती त्या क्षणापुरती असते, म्हणून रोज ती उतरवून ठेवतो. निदान महिनाभर, कारण काही प्रोग्रॅम महिनाअखेरीसच चालतात. मग जुन्या प्रोग्रॅमची सोय आधी, दार बंद नंतर.

आपली मुले संगणक शिकत आहेत. त्यांना एवढेच सांगणे : बटण दाबण्यापूर्वी खिडकीशी कोण उभे आहे, ते पाहा.