झावळीचे कुलूप

घराला कुलूप, पेटीला कुलूप, शेताला कुंपण आणि बागेला राखणदार! 'हे माझे' असे माणूस एकदा म्हणाला, की त्याच्या पाठोपाठ या साऱ्या गोष्टी आपोआप येतात. परंतु पृथ्वीच्या पाठीवर अशीही काही गावे आहेत, की जेथे बागेतील नारळ, नदीतील मासे आणि समुद्रतळाचे शिंपले यांची राखण नारळाची एक कोवळी झावळी करते. ती तोडायला हत्यार लागत नाही, ओलांडायला शिडी लागत नाही. असे असूनही तिच्यापलीकडे सहसा कोणी हात घालीत नाही.

ही गावे इंडोनेशियात आहेत. हा देश म्हणजे सतरा हजारांहून अधिक बेटांचा मेळा. त्याच्या पूर्व भागात, सुलावेसी आणि न्यू गिनी या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये, मालुकू नावाचा द्वीपसमूह आहे. लवंग आणि जायफळ यांचे मूळ माहेर ते हेच. महाराष्ट्रातील घराघरांत मसाल्याच्या डब्यात जी लवंग असते, तिचे पूर्वज याच बेटांवर वाढले. या समूहात अंबोन बेटाच्या पूर्वेस हारुकू नावाचे एक लहानसे बेट आहे आणि त्या बेटावर त्याच नावाचे एक गाव आहे. तेथील लोक गावाला 'नेगेरी' म्हणतात आणि गावच्या प्रमुखाला 'राजा'. मराठी मुलांच्या कानांना हे शब्द परके वाटणार नाहीत. कारण संस्कृतातील 'नगरी' आणि 'राजा' हेच शब्द फार पूर्वी समुद्र ओलांडून तिकडे गेले. मात्र या राजापाशी ना सैन्य, ना सिंहासन. गावातील वडीलधाऱ्यांच्या सभेचा सल्ला घेऊन तो कारभार पाहतो.

अशा गावात कुटुंबाची मालमत्ता ती काय असणार? एक घर, एखादी होडी, जाळी, नारळीची आणि लवंगेची काही झाडे, आणि सागूचे माड. पूर्वी घराच्या भिंती सागूच्या पानांच्या देठांच्या असत आणि छपर सागूच्याच पानांनी शाकारलेले असे. आता पुष्कळ घरांवर पत्रे आले आहेत. सागूचे झाड म्हणजे या लोकांचे धान्याचे कोठार. खोड फोडून आतला गर कुटतात, तो पाण्यात धुतात आणि तळाशी बसलेले पांढरे पीठ काढून घेतात. त्या पिठात उकळते पाणी ओतून ढवळले, की 'पापेडा' नावाची चिकट खळ तयार होते. माशांच्या पिवळ्या कालवणाबरोबर ती मोठ्या आवडीने खाल्ली जाते.

येथील मालकीची रीतही विचार करायला लावणारी आहे. जमीन बहुधा कुळाची असते, पण झाड मात्र ते लावणाऱ्याचे. जमीन एकाची आणि तीवरील नारळ दुसऱ्याचा, असेही आढळते. गावाची हद्द किनाऱ्यापाशी संपत नाही. जवळचा समुद्रही गावाचाच मानला जातो. आता समुद्राला कुंपण कसे घालावे? वाहत्या नदीला कुलूप कोठे लावावे? या प्रश्नाला बेटवासीयांनी जे उत्तर शोधले, त्याचे नाव 'सासी'.

सासी म्हणजे ठरावीक काळापुरती बंदी. नारळ धरू लागले, की गावात बंदी पुकारली जाते आणि बागेच्या वाटेवर खांब रोवून त्याला कोवळी झावळी बांधतात. काही गावांत ही बंदी चर्चमधून जाहीर होते, तर काही गावांत मशिदीतून. त्या क्षणापासून कोणीही नारळ काढावयाचा नाही. इतकेच काय, खुद्द झाडाच्या मालकानेही नाही! हे वाचून कोणालाही वाटेल, की ही कसली मालकी? परंतु थोडा विचार केला, की तिच्यातील शहाणपण ध्यानात येते. मालकच जर घाईने कोवळी फळे उतरवू लागला, तर शेजारी तरी का थांबेल? आणि सर्वांनाच बागेत जाण्याची मनाई असली, की तेथे शिरणारा चोर लपणार कसा? सर्वांनी मिळून थांबावे, म्हणजे सर्वांची फळे पूर्ण पिकतात. बंदी उठली, की ज्याचा त्याने आपला नारळ घ्यावा.

बंदीवर देखरेख ठेवणाऱ्यांना 'केवांग' म्हणतात. त्यांची खरी कसोटी लागते ती नदीकाठी. हारुकू गावाजवळ लेआरिसा कायेली नावाची लहान नदी समुद्राला मिळते. एप्रिल-मेच्या सुमारास लोम्पा नावाच्या लहानशा मासळीची पिले झुंडींनी किनाऱ्याजवळ दिसू लागतात, आणि ती दिसताच केवांग बंदी पुकारतात. पुढे हे मासे नदीत येऊ लागतात. त्यांचा दिनक्रम मोठा गमतीचा आहे. गुरे दिवसा रानात चरतात आणि रात्री गोठ्यात विसावतात. हे मासे दिवसा नदीत विसावतात आणि रात्री चरण्यासाठी समुद्रात जातात! काठावर उभे राहिले, की हाताच्या अंतरावर मासेच मासे. मोह पडणार नाही असा कोण असेल? पण बंदी असेतोवर त्यांना जाळे लावता येत नाही, यंत्र चालू ठेवून होडी आत आणता येत नाही, नदीत भांडी घासता येत नाहीत की केर टाकता येत नाही. मोठ्या माणसाने नियम मोडला, तर त्याला दंड होतो. लहान मुलाने मोडला, तर परंपरेप्रमाणे वेताचे पाच फटके. पाचच का? तर गावात पाच मोठी कुळे आहेत आणि त्या पाचही कुळांनी सोपवलेला वारसा या मुलाला पुढे न्यावयाचा आहे, याची ती आठवण! फटके आज कोणाला रुचणार नाहीत, पण मुलाला गावाचा वारसदार मानण्याची भावना खचित मोलाची आहे.

पाच ते सात महिन्यांनी तो दिवस उगवतो. पहाटेच्या अंधारात केवांग नदीच्या मुखाशी सुक्या झावळ्या पेटवतात. त्या उजेडाला भुलून समुद्रातील मासे नदीत शिरतात. ढोल वाजतो, गाव जागा होतो. राजा आणि वडीलधारी मंडळी काठावर येतात. केवांगांचा प्रमुख पहिले जाळे फेकतो आणि मग लहानथोर सारे पाण्यात उतरतात. महिनोन्महिने राखलेले धन एका दिवसात घरोघरी पोहोचते.

या बेटांनी आणखी एक बंदी पाहिली आहे. 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने 1605 मध्ये अंबोन घेतले. लवंगेचा भाव चढा राहावा, म्हणून तिने सतराव्या शतकाच्या मध्यास लवंगेची लागवड अंबोन आणि त्याच्या शेजारची बेटे एवढ्यांपुरतीच ठेवली व इतर बेटांवरील झाडे तोडून टाकली. बंदी मोडणाऱ्यांचा शोध घेण्यासाठी होड्यांचे तांडे निघत. वल्ही मारायला मात्र गावकऱ्यांनाच लावीत. तीही बंदीच होती. पण तिने झाडे राखली नाहीत, ती तोडली, आणि फळ कंपनीच्या पदरात टाकले. अखेर ती टिकलीही नाही. 1770 च्या सुमारास फ्रेंचांनी लवंगेची रोपे चोरून मॉरिशसला नेली आणि 1799 साली कंपनीच बुडाली.

सासीलाही संकटे चुकलेली नाहीत. रोख पैशाची ओढ वाढली, तशी काही गावांत ती सैल पडली. कोठे कोठे तर बंदीनंतरच्या काढणीचा हक्क लिलावाने व्यापाऱ्यांना विकला गेला. मग गावकऱ्यांनी कोणासाठी थांबावे? जे सर्वांचे नाही, त्याच्यासाठी सर्वजण थांबत नाहीत. हारुकूच्या केवांगांनी मात्र आपली रीत सांभाळली. 1985 साली इंडोनेशियाच्या सरकारने निसर्गरक्षणाचे पारितोषिक देऊन त्यांचा गौरव केला. त्या पारितोषिकाचे नाव आहे 'कल्पतरू'.

मागेल ते देणारा वृक्ष म्हणजे कल्पतरू, असे पुराणे सांगतात. हारुकूचे लोक झाडापाशी मागतात खरे, पण योग्य वेळ आल्यावर मागतात. झावळीत कोणाचा हात अडवण्याचे बळ नाही. ते बळ आहे तिच्याकडे पाहून थांबणाऱ्या माणसांत. बांधलेली झावळी यथाकाल सुकून गळते. पण पुन्हा नारळ धरू लागले, की गावातील कोणीतरी नवी कोवळी झावळी घेऊन त्या खांबापाशी जातो.