वाट देणारी साथ

संगीताची गोडी असलेल्या प्रत्येकास ठाऊक असते की, उत्तम साथीदार जितके वाजविणे जाणतो तितकेच थांबणेही जाणतो. आपल्या गोमंतकातील देवळांत कीर्तन ऐकावयास बसणाऱ्या मुलांनी हे पाहिलेच असेल. बुवा निरूपण सांगू लागले की पेटीचा सूर मंदावतो, तबलजीचा हात हलका होतो. पद सुरू झाले की तीच साथ पुन्हा भरघोस उठते. साथीदाराचा हात वाद्यावर असतो, पण कान बुवांच्या मुखाकडे लागलेला असतो. साथीचे सारे मर्म यातच आहे.

घरच्या संगणकावर गाणी जुळविणारे तरुण आजकाल एक युक्ती वापरतात. तिच्यातही हेच मर्म आहे. तिचे नाव जरा बोजड आहे : 'साइडचेन कॉम्प्रेशन'. आम्ही भाषेचे शिक्षक. यंत्रविद्या हा काही आमचा प्रांत नव्हे. तथापि गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी एक श्रुतिका ध्वनिमुद्रित करण्याचे काम आमच्याकडे आले आणि या युक्तीशी आमचा परिचय झाला.

श्रुतिकेचा विषय होता चवथीचा उत्सव. पार्श्वभूमीला घुमट-आरती हवी, हे ओघाने आलेच. घुमट म्हणजे मातीच्या घड्याच्या तोंडावर चामडे ताणून केलेले वाद्य; २०१९ साली गोवा सरकारने त्यास राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. घुमटाचा घुमारा, शामेळाचा ठेका आणि कांसाळ्यांचा झणत्कार यांनी आरती कशी दुमदुमून उठते, हे गोमंतकीयांस सांगावयास नको. निवेदन करणारी मुलगी नववीतली. घरी कोंकणी बोलणारी, जशी आम्हीही बोलतो. मराठी वाचताना एकेक शब्द जपून उच्चारणारी. अर्थाची जाण उत्तम, पण आवाज मुळातच बारीक. आरतीचे ध्वनिमुद्रण तिच्या वाचनाखाली लावून पाहिले, तो तिचे शब्द पार बुडून गेले. ती हळूच म्हणाली, "सर, दुसऱ्या कोणाला घ्या. माझा आवाज कोणाला ऐकू येणार?"

आता उपाय कोणते? तिचा आवाज यंत्राने वाढवावा, तर श्वासाचा फुसफुसाट आणि खोलीतली घरघर त्याबरोबर वाढते. आरती सबंध श्रुतिकाभर बारीक करावी, तर उत्सवच उरत नाही. मुलगी बदलावी, हे आमच्या मनास मुळीच पटेना. मग उरला तो साथीदाराचा उपाय : ती बोलेल तेव्हाच आरतीने वाकावे, ती थांबताच पुन्हा उठावे.

'कॉम्प्रेसर' या साधनात एक कान असतो आणि एक हात असतो, असे समजावे. कान ध्वनी मोजतो. तो ठराविक मर्यादेपलीकडे गेला की हात त्याची पातळी खाली आणतो. एरवी कान आणि हात एकाच ध्वनीवर असतात. कानाकडे जाणारी ही जी बाजूची वाट, तीच साइडचेन. तिच्यात दुसराच ध्वनी सोडला की हात राहतो आरतीवर आणि कान लागतो निवेदनाकडे. कीर्तनातला साथीदार आणखी वेगळे ते काय करतो?

आम्ही 'रीपर' नावाचे सॉफ्टवेअर वापरले. त्यात निवेदनाचा एक ट्रॅक आणि आरतीचा दुसरा ट्रॅक केला. आरतीच्या ट्रॅकवर 'रिआकॉम्प' हा कॉम्प्रेसर बसविला. मग निवेदनाच्या ट्रॅकवरील 'रूट' या बटनातून आरतीच्या ट्रॅककडे एक 'सेंड' काढला. तो १ व २ या चॅनलांतून निघून ३ व ४ या चॅनलांत पोहोचेल असे ठरविले. तिसरे व चौथे चॅनल श्रोत्यांस ऐकू येत नाहीत. कारण मुख्य ट्रॅककडे पहिली दोनच जातात. कॉम्प्रेसरला मात्र ती ऐकता येतात. शेवटी रिआकॉम्पमध्ये 'डिटेक्टर इनपुट' या ठिकाणी 'ऑक्झिलरी इनपुट' निवडले. कान आरतीवरून निघून निवेदनाकडे वळला, तो या एका निवडीने.

पुढचा भाग अंकगणिताचा आहे. संगणकात ध्वनीची सर्वोच्च पातळी शून्य डेसिबेल मानतात. बाकी सर्व पातळ्या उणे असतात. 'थ्रेशोल्ड', म्हणजे उंबरठा, आम्ही उणे ३० वर ठेवला. 'रेशो', म्हणजे प्रमाण, ३ ला १ ठेवले. मुलीचा आवाज उणे १८ वर आला की तो उंबरठ्यापेक्षा १२ डेसिबेलांनी वर असतो. प्रमाणानुसार १२ चे ४ उरतात. म्हणजे ८ डेसिबेल कमी करावयाचे. हे ८ डेसिबेल वजा होतात ते आरतीतून. त्यामुळे आरतीच्या ध्वनितरंगांची उंची मूळच्या सुमारे दोन-पंचमांश राहते. आरती ऐकू येते, पण शब्द झाकीत नाही.

याहून नाजूक गोष्ट वेळेची. किती लवकर वाकावे हे 'अटॅक' ठरवितो. किती सावकाश उठावे हे 'रिलीज' ठरवितो. अटॅक आम्ही १० मिलिसेकंद ठेवला, नाहीतर पहिले अक्षर बुडते. रिलीज मुलांनी मुद्दाम ५० मिलिसेकंदांवर आणून पाहिला, तो काय गंमत! दोन शब्दांमधल्या फटीतही घुमट उसळी मारी आणि लगेच दबे. आरतीस जणू धाप लागली! रिलीज ४०० पर्यंत नेला, तेव्हा वाक्य संपल्यावरच आरती संथपणे वर येऊ लागली.

निवेदनात दोष ठरणारी ही धाप नृत्यसंगीतात मात्र अलंकार होऊन बसली आहे. तेथे ढोलाच्या प्रत्येक ठोक्यास बाकीचे सारे सूर मुद्दाम वाकवितात. स्वीडनच्या एरिक प्रिड्झ यांचे २००४ साली निघालेले 'कॉल ऑन मी' हे त्याचे गाजलेले उदाहरण. मिनिटास १२० ठोके असतील, तर दोन ठोक्यांत ५०० मिलिसेकंदांचे अंतर पडते; तेवढ्या अवकाशात सूर वाकून पुन्हा उठावयास हवेत. म्हणजे लयीचा हिशेब येथेही सुटत नाही.

सर्व जुळले, तरी एक चमत्कार राहिलाच होता. वाचता वाचता मुलगी मध्येच खोकली होती. एके ठिकाणी कागद उलटल्याचा आवाज होता. आरती त्या खोकल्यापुढेही वाकली आणि कागदापुढेही! मुले पोट धरून हसली. आम्हांस मात्र तेथे यंत्राची सीमा दिसली. यंत्र पातळी मोजते, अर्थ मोजीत नाही. खोकला, कागद आणि शब्द त्यास सारखेच. त्यातले ऐकण्याजोगे काय, हे माणसानेच आधी निवडून द्यावे लागते. आम्ही ती ठिकाणे कापून काढली, तेव्हा आरती शब्दांपुढेच तेवढी वाकू लागली.

तयार झालेली श्रुतिका त्या मुलीने कानांस यंत्र लावून सबंध ऐकली. मग म्हणाली, "सर, आवाज माझाच आहे, वाढविलेला नाही." तिचे म्हणणे खरे होते. तिच्या आवाजास आम्ही हातही लावला नव्हता. भोवतालच्यांनी तिला वाट दिली होती, इतकेच.

विद्यार्थिमित्रहो, वर्गात, घरात, सभेत बारीक आवाजाची माणसे असतातच. त्यांना आपण सहज सांगून मोकळे होतो, "जरा मोठ्याने बोला!" पण मोठ्याने बोलणे सर्वांस साधत नाही. अशा वेळी ज्याचा आवाज मोठा आहे त्याने क्षणभर खाली यावे, हा मार्ग अधिक सोपा आणि अधिक शोभेचा. खाली येणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. आठ डेसिबेलांनी वाकलेले घुमट घुमटच राहते आणि वाक्य संपताच पुन्हा पूर्ववत घुमते. कोणापुढे वाकावे आणि कधी उठावे, हे मात्र यंत्रास कळत नाही. ते तुम्हां-आम्हांस कळावयास हवे.