डावा डबा का डावा कान

सोयाबीनची नोंद पुढच्या वेळी. आज जरा वेगळं लिहितो, पण ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी वाचाच.

मागच्या पंधरवड्यात चार दिवस पाऊस लागून होता. कापलेल्या सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकली अन् घरात बसलो. रिकामा वेळ होता म्हणून जुना डेक खाली काढला. 1996 ला सूर्यफुलाची पट्टी आली तेव्हा बार्शीहून आणलेला, दोन मोठ्या डब्यांचा. अण्णांची कॅसेट लावली. तेरला गोरोबाकाकांच्या यात्रेत भजन झालं होतं, ते साध्या टेपवर भरून घेतलेलं. अण्णा टाळ धरून पुढं म्हणायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

उजवीकडून टाळ, पखवाज, अण्णांचा आवाज, सगळं खणखणीत. डावीकडून पखवाज येतो, पण टाळ गायब. अण्णा जणू गोधडीतून म्हणायलेत. एका माईकवर भरलेली टेप, म्हणजे दोन्ही डब्यांतून सारखंच यायला पाहिजे. म्हणलं, डावा डबा गेला. बारीक आवाज देणारा छोटा स्पीकर, ट्विटर, तोच गेला असणार.

मग लागलो मागं. डेक बंद करून बॅलन्सचं बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडं फिरवलं. आत काजळी धरली की खरखर होते अन् एक बाजू मंद होते, फिरवल्यानं ती बरीच निघते. मागची वायर बघितली तर उंदरानं कुरतडलेली, तांबं काळं पडलेलं. दोन्हीकडं नवी वायर टाकली. लाल-काळं नीट जुळवलं, कारण एका डब्याचं उलटं लागलं तर एक पडदा पुढं येताना दुसरा मागं जातो अन् जाड आवाज मरतो. कळत नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघायचं. सेलचं प्लस लालला लावल्यावर पडदा बाहेर आला तर जोडणी सुलटी.

तरी डावीकडं मंदच. मग डेक बंद करून डब्यांची अदलाबदल केली. (चालू डेकची वायर कधी काढू नका. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर आतली आयसी जळते.) मंदपणा डब्याबरोबर उजवीकडं गेला तर डबा खराब, डावीकडंच राहिला तर डेक खराब, असा साधा हिशोब. राहिला डावीकडंच. म्हणून डेकच्या मागं तारा डाव्याच्या उजव्या केल्या. तरीही डावीकडंच! आता डबा नाही, वायर नाही, डेकही नाही.

घरी विचारलं. म्हणाली, "अहो, दोन्ही डबे सारखेच वाजायलेत. टीव्ही सुद्धा केवढा मोठा लावता तुम्ही."

मी उठलो अन् डब्यांकडं पाठ करून बसलो. आता डाव्या कानाकडं दुसरा डबा आला. टाळ परत डावीकडूनच गायब. दोन मिनिटं तसाच बसून राहिलो.

उघडीप झाल्यावर कानाच्या डॉक्टरकडं गेलो. बंद खोलीत हेडफोन घालून तपासलं अन् कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाजाला दोन्ही कान ठीक. 4000 हर्ट्झच्या जवळ डाव्याची रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली. उजव्याचीही थोडी उतरलेली. धंदा विचारला, मग म्हणाले, ट्रॅक्टरवर मागं कोणत्या खांद्यावरून बघता? उजव्या. म्हणजे नांगरट, पेरणी करताना सारखं मागं बघायचं अन् डावा कान इंजिन-सायलेन्सरकडं. 1999 पासून हेच चाललंय. वर मळणीयंत्र.

बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी 90 डेसिबलच्या आसपास आवाज असतो. 85 ला आठ तास ही मर्यादा धरतात, अन् दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन. आपण सुगीत बारा तास बसतो. कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी मेल्या की परत उगवत नाहीत, अन् दुखत नाही म्हणून कळतही नाही. बारीक आवाज आधी जातो. टाळ, पाखरं, लेकरांचं बोलणं. कापसाचा बोळा फार कामाचा नाही, तो आवाज नीट अडवत नाही. फोमचे बोळे किंवा इअरमफ पाहिजे.

मी इअरमफ दोन आणले. पोरगा आधी लाजला, रस्त्यावरची पोरं विचारायची, गाणी ऐकतोस का म्हणून. आता मळणीला घालतो.

डेकचं म्हणाल तर खुर्ची आडवी टाकून उजवा कान डब्यांकडं करून बसतो. टाळ येतो.

अन् गंमत म्हणजे एक डबा खरंच खराब निघाला, पण तो उजवा. त्याच्या मोठ्या पडद्याच्या कडेचा फोम बोट लावला की भुगा होतोय, आवाज वाढवला की पखवाज फरफरतो. आठ इंची फोमची रिंग कळंब, बार्शी किंवा लातूरला कुठं मिळत असेल तर कळवा.