फोटोत आलेलं बोट

आई यंदा निवृत्त झाली. अठ्ठावन्न पूर्ण, जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी संपली. निरोप समारंभात पडद्यावर जुने फोटो दाखवायचं ठरलं आणि ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. घरात एखादी पोरगी सॉफ्टवेअरवाली असली की बिघडलेल्या प्रिंटरपासून पत्रिकेच्या डिझाइनपर्यंत सगळं तिचंच असतं.

चार अल्बम निघाले, १९९८ ते २००८ मधले. आठवडाभर रात्री जागून ४१२ फोटो स्कॅन केले. एवढे बघत कोण बसणार, म्हणून एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. तत्त्व साधं आहे. फोटो स्पष्ट असेल तर त्यात कडा ठळक असतात, शेजारच्या पिक्सेलमध्ये एकदम फरक पडतो. धूसर फोटोत तो फरक हळूहळू पडतो. हे मोजून प्रत्येक फोटोला एक आकडा द्यायचा, आकडा कमी आला की फोटो 'कचरा' नावाच्या फोल्डरमध्ये. शेवटी ते फोल्डर उडवून टाकणारी एक ओळ होती. ती चालवायच्या आधी मला झोप लागली, एवढंच.

सकाळी उरलेले 'चांगले' ३५५ फोटो चाळायला घेतले. बाबा स्कूटरवर, बाबा फ्रीजला हात लावून, मी स्नेहसंमेलनात मोर झालेली, दादाची मुंज. आई मात्र सापडेना. मोजली तर जेमतेम अकरा फोटोंत होती, तीही बहुतेक कुणाच्या तरी लग्नात तिसऱ्या रांगेत, अर्धी झाकलेली. तिच्या कार्यक्रमाला तिचेच फोटो नाहीत! फोन केला.

"अगं, मी कशी असेन? मीच काढत होते ना."

आमच्याकडे कोडॅकचा केबी १० होता, मामाने दिलेला. बाबांना फोटोत यायला आवडायचं, काढायला नाही. छत्तीसचा रोल गणपतीत भरला की दिवाळीपर्यंत पुरवायचा, म्हणून आई एकेक फोटो जपून काढायची. आणि तरी चुकायचेच. रोल धुऊन आला की आम्ही तिला हसायचो. "आईने परत मुंडकी उडवली!"

मग मी तो 'कचरा' उघडला. ५७ फोटो होते.

पहिल्याच फोटोत दादाचा वाढदिवस, केक, आणि डाव्या कोपऱ्यात गुलाबी ढग. ते आईचं बोट. असल्या कॅमेऱ्यात आपण बघायचो ती खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंगावर बोट आलं तरी खिडकीतून सगळं छान दिसायचं. मुंडकी उडायची तीही त्यामुळेच. खिडकी भिंगाच्या वर असल्याने जवळून फोटो काढला की भिंगाला थोडं खालचं दिसायचं. म्हणजे आई चुकत नव्हती. तिला दिसत होतं ते बरोबरच होतं.

दुसरा फोटो आमच्या शोकेससमोरचा. काचेत फ्लॅशचा पांढरा झोत, बाकी सगळं काळपट. झोताच्या कडेला एक कोपर आणि दोन बांगड्या.

तिसरा गणपतीपुळ्याचा. देऊळ समुद्राकडे तोंड करून आहे, पश्चिमेला. फोटो काढताना सूर्य आपल्या पाठीशी हवा, हे आईला कुणीतरी शिकवलेलं. त्यामुळे संध्याकाळी ती समुद्राकडे पाठ करून उभी राहिली, आम्ही तिघं देवळाच्या बाजूला. आम्ही लहान, मागे, डोळे मिचकावत. पुढची सगळी वाळू व्यापून तिची लांबलचक सावली. दोन्ही कोपर वर, पदर वाऱ्यावर उडालेला. वाळू सपाट, सावली सपाट, कडा कमी. माझ्या स्क्रिप्टने तिला कचऱ्यात टाकलं होतं.

१८३८ मध्ये दागेरने पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो काढला, त्याची आठवण झाली. प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागायची. चालणारी माणसं, घोडागाड्या, सगळं पुसलं गेलं. उमटला तो एकच माणूस, बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला, आणि अस्पष्टसा पॉलिशवाला. माणसाचा सर्वांत जुना माहीत असलेला फोटो म्हणतात तो हा. त्याला कुणी "इकडे बघा" म्हटलं नव्हतं.

आता असं होत नाही. भिंगाला दिसतं तेच स्क्रीनवर दिसतं, बोट लगेच बाजूला होतं. २०२३ च्या पिक्सेल ८ मध्ये तर पाठोपाठ काढलेल्या फोटोंतून प्रत्येकाचा बरा चेहरा निवडून एकाच फोटोत बसवता येतो. मला ही सोय आवडते, खोटं कशाला बोलू? आणि सेल्फीमुळे आजकाल आई प्रत्येक फोटोत असते, हेही खरं. पण त्या दहा वर्षांतली आई मला कुठलाही फोन आणून देणार नाही. ती आहे ती या ५७ फोटोंत. सगळ्यांत नाही, काही खरंच नुसते हललेले आहेत. तरी एकही उडवला नाही.

समारंभात त्यातले नऊ दाखवले. आई आधी कुरकुरली. "चुकलेले फोटो लोकांना कशाला दाखवतेस?" बोटाला शाळेतल्या बाई खळखळून हसल्या, आईही हसली. मग गणपतीपुळं आलं. ती जरा पुढे झुकून बघत राहिली आणि माझ्या कानात म्हणाली, "ती हिरवी साडी होती गं."

सावलीत रंग कुठून दिसणार? पण तिला आठवत होता.