सात किलोचा युरोप

आमच्या पहिल्या यादीत पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, व्हेनिस आणि रोम अशी शहरं होती. “एवढं लांब जायचंच तर सगळं बघून येऊ,” असं ताईचं म्हणणं. ती पूर्वी टूर कंपनीबरोबर युरोप करून आलेली. त्या प्रकारात बस हॉटेलच्या दारात येते, बॅगा बसच्या पोटात जातात आणि संध्याकाळी वरणभात मिळतो. आपण किती सामान आणलंय, हे माणसाला परत घरी पोचेपर्यंत कळतच नाही. या वेळी मात्र आम्ही आपापल्या, आगगाडीनं फिरणार होतो. साठीच्या आसपासच्या दोघी बहिणी, त्यात ताईचा डावा गुडघा कुरकुरणारा, आणि तिकडच्या स्टेशनांवर हमाल शोधून सापडत नाही.

मी वहीत एक साधा हिशेब मांडला. शहर बदलायचं म्हणजे सकाळी दहा-अकराला खोली सोडायची आणि पुढच्या गावी दुपारी तीनशिवाय खोली मिळत नाही. मधला सगळा वेळ बॅग आपल्याजवळ. गाडीत चढताना, उतरताना, जिन्यावर, ट्राममध्ये, स्वच्छतागृहात जाताना सुद्धा. आठ शहरं म्हणजे असे सात दिवस नुसते ओझी वाहण्यात जाणार. हे ऐकून ताईनं स्वतःच पेन्सिल घेतली आणि बर्लिन खोडलं. मग रोम गेलं. पॅरिसवर थोडी हुज्जत झाली, पण ती पॅरिस पाहून आलेली असल्यामुळे फार ताणलं नाही. अखेर उरली प्राग, व्हिएन्ना आणि व्हेनिस, आणि वाटेवरचं म्हणून स्लोव्हेनियातलं ल्युब्लियाना त्यांत आलं. उत्तरेकडून दक्षिणेकडे जवळपास सरळ उतरणारी ओळ. प्रागला उतरायचं, व्हेनिसहून परतीचं विमान पकडायचं. आल्या वाटेनं मागे यायचं नसलं की एक अख्खा दिवस वाचतो, आणि तिकीट जाण्या-येण्याचं एकत्रच काढलं तर दर फारसा वाढत नाही.

व्हिसाच्या कागदांनी या विचाराला आपोआप शिस्त लावली. शेंगेन व्हिसासाठी ज्या देशात मुक्काम जास्त त्याच्याकडे अर्ज करायचा असतो, राहण्याची आणि प्रवासाची आखणी दाखवायची असते, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. आमचा लांब मुक्काम व्हिएन्नात होता, म्हणून अर्ज ऑस्ट्रियाकडे. लोक या कागदपत्रांना वैतागतात. मला तर ते बरंच वाटलं. ‘तिकडे गेल्यावर ठरवू’ असं म्हणण्याची सोयच राहत नाही.

व्हिएन्ना लांब ठेवण्यामागे माझा हिशेब होता. तिथं तळ ठोकला की बॅग खोलीत टाकून दिवसाच्या दिवसात बरंच काही करता येतं. ब्राटिस्लाव्हा हे दुसऱ्या देशाच्या राजधानीचं गाव तिथून जेमतेम ६० किलोमीटर, गाडीनं तासाभरावर. सकाळी स्लोव्हाकिया, रात्री परत त्याच उशीवर. पासपोर्ट तेवढा खिशात ठेवायचा.

आता बॅग. आमच्या तिकिटावर तीस किलो सामान फुकट नेता येत होतं, आणि हीच खरी अडचण होती. “फुकट मिळतंय तर न्यायला काय जातं?” ताई म्हणाली. मी म्हटलं, “अगं, विमान मुंबईपासून प्रागपर्यंत नेईल. पुढं नेणार कोण?” केबिनमध्ये सात किलोची मर्यादा होती, तीच आम्ही आमची मर्यादा धरली. घरातली मोठी चार चाकांची बॅग रिकामीच चार किलो भरली, त्यामुळे ती लगेच माळ्यावर गेली. मी पाठीवरची सॅक घेतली. ताईला पाठीवर ओझं चालत नाही, तिच्यासाठी दोन मोठ्या चाकांची छोटी ट्रॉली घेतली. दुकानदार चार चाकांची गळ्यात मारत होता. गुळगुळीत विमानतळावर ती छान पळते, पण प्रागच्या फुटपाथवर बोटाच्या पेराएवढे दगड बसवलेले असतात, त्यांच्या फटींत तिची चाकं अडकतात. दोन चाकांची बॅग ओढत नेता तरी येते.

बॅग भरून झाल्यावर मी ताईला ती उचलून आमच्या इमारतीचे तीन जिने चढायला लावलं. पहिल्या मजल्यावर ती माझ्यावर रागावली. दुसऱ्यावर थांबून तिनं तिथंच बॅग उघडली आणि जीन्स, जाड स्वेटर, जादाचे बूट आणि हेअर ड्रायर पायरीवर काढून ठेवले. समोरच्या काकू दार उघडून बघत राहिल्या. मी शब्दानं काही सांगितलं असतं तर यातली एकही वस्तू निघाली नसती.

कपड्यांत खरा अडसर थंडीचा नसतो, फोटोंचा असतो. “सगळ्या फोटोंत तोच कुर्ता दिसेल,” ही ताईची तक्रार, आणि ती खोटी नव्हती. त्यावर उपाय ओढण्यांचा निघाला. एकाच गडद कुर्त्यावर तीन वेगवेगळ्या रंगांच्या ओढण्या. तिन्ही मिळून वजन एका टॉवेलपेक्षा कमी. थंडीसाठी एक थर्मल, एक पातळ लोकरी स्वेटर आणि वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. मे महिन्यात प्रागला पहाटे आठ-दहा अंश असतात आणि व्हेनिसला दुपारी उकडतं, तेव्हा एका जाड कोटापेक्षा हे एकावर एक घालणं सोयीचं. ताईनं एक साडी मात्र सोडली नाही. व्हिएन्नाच्या ऑपेरात पंजाबी ड्रेस घालून जाणार नाही म्हणाली. पैठणी बाजूला ठेवून जॉर्जेट आली. तिची घडी दोन तळव्यांत मावते. पुढं तिथल्या अगदी वरच्या सज्जात, स्वस्तातल्या खुर्चीवर, ती साडी काय दिसली म्हणून सांगू! शेजारच्या बाईंनी मध्यंतरात पदर हातात घेऊन पाहिला.

आमच्या बॅगेतली सगळ्यात कामाची वस्तू पंचा. दुकानांत हल्ली प्रवासासाठी झटपट वाळणारे टॉवेल महाग विकतात. आपल्या घरांत ती सोय पिढ्यान्‌पिढ्या दांडीवर लटकत आली आहे. रात्री कपडे धुवायचे, पिळायचे, कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा पिळायचे आणि हँगरवर टाकायचे. पातळ कृत्रिम धाग्याचे कपडे सकाळी वाळलेले. ताईचा एक सुती कुर्ता मात्र दुसऱ्या दिवशीही दमटच होता, तो ट्रेनमध्ये खिडकीच्या हुकला टांगून आम्ही चेक प्रजासत्ताकाचा बराचसा भाग पार केला.

खाण्याच्या पदार्थांबाबत माझं मत बदललं ते नियम वाचल्यावर. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, बर्फी सगळं बाद. ताज्या फळांना रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूसही बाद. गंमत म्हणजे केळी, अननस, खजूर, नारळ आणि डुरियन या पाचांना त्यातून सूट आहे. ताई म्हणाली, “मग नारळ घेऊ या.” ती थट्टा करत होती असं मी धरून चालले. आम्ही मेतकुटाची एक पुडी, थोडे खाकरे आणि चहाची पावडर घेतली. स्वयंपाकघर असलेली खोली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं दही-तांदूळ एवढ्यावर मेतकूट-भात होतो. दमलेल्या संध्याकाळी त्याहून जास्त कशाची गरज पडली नाही.

केबिनमध्येच सामान न्यायचं म्हणजे पातळ वस्तू १०० मिलिलिटरच्या बाटल्यांत, आणि त्या सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. खोबरेल तेल मुंबईत पातळ आणि प्रागला घट्ट. सुरक्षा तपासणीत ते पातळच धरावं. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नेली. चार्जरचं मात्र उगाच दडपण घेतलं जातं. तिकडेही २३० व्होल्टच आहेत, आणि दोन बारीक गोल पिनांचा प्लग या चारही देशांत चालतो; आपला तीन जाड पिनांचा चालत नाही. आणखी एक वस्तू, जिच्याबद्दल कोणी लिहीत नाही पण सगळे विचारतात: रिकामी, दाबून चपटी होणारी प्लॅस्टिकची बाटली, संडासासाठी. इटलीत तिची गरज कमी, कारण तिथं घरोघरी बिडे असतो.

प्रत्यक्ष प्रवासात या सगळ्याचा पहिला कस प्रागलाच लागला. तिथं काही मार्गांवर अजून टाट्रा टी-३ जातीच्या जुन्या ट्राम धावतात. चढायला उंच पायऱ्या, आणि ट्राम कोणासाठी थांबत नाही. आमच्यापुढं एक जोडपं दोन मोठ्या बॅगांसह चढू लागलं. नवरा वर, एक बॅग वर, बायको आणि दुसरी बॅग खाली, आणि दार मिटायच्या बेतात. ताईनं आपली ट्रॉली एका हातात उचलली, दुसऱ्या हातानं त्या बाईंची बॅग खालून रेटली. वर आल्यावर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

व्हिएन्नात आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. कागदावर. तिथल्या जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर ‘होखपार्टेर’ आणि त्याच्यावर ‘मेत्सानीन’ असे मजले असू शकतात आणि पहिला मजला त्यांच्यानंतर मोजायला सुरुवात होते. म्हणजे आपल्या हिशेबानं चौथा. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद, तशी चिठ्ठी लावलेली. घरमालकानं ती गोष्ट कळवायला हवी होती, पण जिन्यात उभं राहून भांडायचं कोणाशी? आम्ही एका दमात नाही, पण दोन दमांत वर पोचलो.

तिथून एक दिवस झेमरिंगला गेलो, फक्त पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन. १८५४ साली सुरू झालेला हा ४१ किलोमीटरचा घाटातला लोहमार्ग, कार्ल फॉन गेगा या अभियंत्यानं आखलेला, १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. आपल्या भोर घाटातून गाडी १८६३ मध्ये सुरू झाली, म्हणजे दोन्ही एकाच काळातले. स्टेशनाशेजारून रुळांच्या साथीनं पायवाट जाते, आणि एका जागी समोर दुमजली कमानींचा तो पूल दिसतो, जो जुन्या वीस शिलिंगांच्या नोटेवर छापलेला असे. दुसऱ्या बाजूला गेगांचा चेहरा. ताई गुडघा सांभाळत तासभर चालली. रस्त्यात बाटली संपली तेव्हा तिला सांगितलं, व्हिएन्नाच्या नळाला येणारं पाणी १८७३ पासून याच भागातल्या डोंगरांतून येतं. संध्याकाळी खोलीतल्या नळाचं पाणी तिनं जरा जास्तच मन लावून प्यायलं.

ल्युब्लियानाबद्दल लिहिण्यासारखं बरंच आहे, सामानाबद्दल मात्र काहीच नाही. जुन्या गावात मोटारींना बंदी आहे, चालायला सपाट, आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी विजेवरच्या छोट्या गाड्या फुकट फिरतात. ताई उगाचच एकदा बसून आली.

व्हेनिसला जागा ठरवताना मी खोलीचे फोटो नंतर पाहिले, आधी पूल मोजले. तिथं प्रत्येक पूल म्हणजे चढत्या आणि उतरत्या पायऱ्या, आणि गावात चारशेहून जास्त पूल आहेत. आम्ही बसनं मेस्त्रेला उतरलो, लोकलनं दहा मिनिटांत सांता लुचिया स्टेशन, आणि राहायला स्टेशनच्याच काठावर, कन्नारेज्जो भागात. ग्रँड कॅनॉल ओलांडायचाच नाही, म्हणजे समोरच्या उंच स्काल्झी पुलाची पायपीट वाचली. मेस्त्रेत राहणं स्वस्त पडलं असतं हे खरं, पण मग सकाळचं, पर्यटकांच्या झुंडी यायच्या आधीचं व्हेनिस हाती लागलं नसतं.

परतताना ताईची ट्रॉली सात किलो आठशे भरली. प्रागमधला काचेचा पेला, ब्राटिस्लाव्हातली खसखशीची मिठाई, आणि मुरानोचे मणी. तिनं विमानतळावरच जाकीट अंगात घातलं, मणी गळ्यात घातले, पेला जाकिटाच्या खिशात टाकला आणि ट्रॉली पुन्हा काट्यावर ठेवली. जमलं.

पुढच्या वेळी पोर्तुगाल, आणि मुक्काम दोनच, असं तिनं जाहीर केलं आहे. थर्मल आणि स्वेटर दोघींच्या यादीतून गेले. पंचे दोन घ्यायचे, हेही ठरलं. छत्रीवरून मात्र अजून वाद आहे. मी म्हणते जाकीट असताना छत्री कशाला. ती म्हणते झेमरिंगला चालताना काठी म्हणून तीच कामाला आली.