नाक्याचे मूळ

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाका हे गाव लागते. मोटार तेथे घटकाभर थांबते, चार माणसे उतरतात, चार चढतात आणि मोटार पुढे निघून जाते. उतरणाऱ्यांचे गाठोडे कोणी सोडून पाहत नाही, की मालावर कोणी जकात मागत नाही. तरीही गावाच्या नावाला 'नाका' हा शब्द चिकटून राहिला आहे. एके काळी या मुलखात अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचे वऱ्हाड अशी वाटणी होती. आज अलीकडे हिंगोली जिल्हा आहे आणि पलीकडे वाशीम जिल्हा आहे. त्या जुन्या सीमेची तेवढीच खूण शिल्लक आहे.

या गावात एक गृहस्थ राहतात. शेती सांभाळून ते गावच्या वाचनालयाचे काम पाहतात. त्यांचे जिवलग मित्र वाशीमकडच्या एका खेड्यातले. वाशीमच्या शाळेत एका बाकावर जुळलेली ही मैत्री दोघांची साठी उलटली तरी तशीच आहे. एकमेकांना ते नावाने हाक मारीत नाहीत. एक कनेरगावकर, दुसरे वऱ्हाडकर. "तुम्ही निजामाची रयत!" असे वऱ्हाडकरांनी चिडवावे, आणि "तुम्ही गोऱ्या साहेबाची!" असे उत्तर कनेरगावकरांनी द्यावे, हा त्यांचा नेहमीचा विनोद. एकाच्या वाडवडिलांची राजधानी हैदराबाद होती, दुसऱ्याच्या वाडवडिलांची नागपूर. नागपूर दोघांनीही पुष्कळदा पाहिले होते. हैदराबाद मात्र राहून गेले होते. अखेर एका हिवाळ्यात दोघे हिंगोलीहून गाडीत बसले आणि रात्री काचीगुडा स्थानकावर उतरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एकच गोष्ट ठरविली. बसने थेट चारमिनारपर्यंत जायचे आणि तेथून पायी हिंडत परत यायचे. शहराची खरी ओळख पायांनाच होते, असे वऱ्हाडकरांचे मत.

चारमिनारापाशी ते पोहोचले तेव्हा बाजार नुकताच जागा होत होता. महंमद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये उभारलेली ती वास्तू चार रस्त्यांच्या मिलनस्थानी उभी आहे. फुलवाले माळा ओवीत होते. एका उपाहारगृहात दोघांनी इराणी चहा घेतला. पोऱ्याने आणखी बिस्किटे पुढे केली, तेव्हा शेजारचा म्हातारा हात हलवून म्हणाला, "नक्को!" वऱ्हाडकर चमकले. "अरे, हा तर आपलाच 'नको'!" दखनी बोलीत मराठीचे असे कितीतरी शब्द मिसळले आहेत. अनोळखी शहरात ओळखीचा शब्द भेटला, की घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. पुढे लाडबाजारात वऱ्हाडकरांनी आपल्या नातीसाठी लाखेच्या बांगड्या घेतल्या. कारागीर निखाऱ्यावर लाख मऊ करून तिच्यावर चमकते खडे बसवीत होता. वऱ्हाडकर ते काम बराच वेळ पाहत उभे राहिले.

तेथून पत्थरगट्टीच्या दगडी कमानींखालून, मोत्यांच्या दुकानांसमोरून चालत दोघे मुसी नदीवरील नयापुलावर आले. नदीत पाणी बेताचेच होते. हीच नदी २८ सप्टेंबर १९०८ रोजी काळरूप झाली होती, हे पाहणाऱ्यास खरे वाटू नये. त्या महापुरात हजारो माणसे दगावली. नदीकाठी आज उस्मानिया रुग्णालय आहे. त्याच्या आवारात एक जुनी चिंच आहे. पुराच्या वेळी सुमारे दीडशे माणसे तिच्या फांद्यांवर चढली आणि वाचली. या पुरानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना बोलावण्यात आले. त्यांच्या योजनेतून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय तयार झाले, नदीला आवर बसला आणि शहराला पिण्याचे पाणी मिळाले. दोघे मित्र त्या चिंचेखाली थोडा वेळ मुकाट्याने उभे राहिले. शेतकऱ्याला झाडाचा उपकार समजावून सांगावा लागत नाही.

अफझलगंज मागे टाकून, गर्दीतून वाट काढीत, उन्हे कलू लागली तेव्हा ते कोठी भागात आले. येथे कनेरगावकरांची पावले भराभर पडू लागली. "आता तुला एक घर दाखवतो. आपल्या गावचा नाका येथेच जन्मला," ते म्हणाले. वऱ्हाडकरांना ही थट्टाच वाटली.

परवानगी काढून ते एका विस्तीर्ण आवारात शिरले. समोर उंच खांबांची, दोन्ही बाजूंना दगडी सिंह असलेली भव्य इमारत होती. ही इंग्रजांची जुनी रेसिडेन्सी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कर्कपॅट्रिक नावाच्या रेसिडेंटाने ती बांधविली. निजामाच्या दरबारातील इंग्रजांचा वकील येथे राहत असे. नावाने तो वकील, परंतु अनेक वेळा त्याचाच शब्द अखेरचा ठरे. १८५७ च्या जुलै महिन्यात तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी याच वास्तूवर चाल केली होती. १९४९ पासून मात्र येथे मुलींचे शिक्षण चालते. आता येथे महिला विद्यापीठ आहे. जेथून राज्ये हलविली जात, तेथे मुली वह्या छातीशी धरून हसत-बोलत चालल्या होत्या.

पायरीवर बसून कनेरगावकरांनी सांगितलेली हकीकत अशी. इंग्रजांनी निजामाच्या राज्यात एक फौज ठेविली होती. तिचे नाव हैदराबाद कंटिंजंट. तिची एक छावणी हिंगोलीस होती. खर्च निजामाचा आणि अधिकारी इंग्रजांचे, असा तो कारभार. खर्च वाढत गेला, पगार थकले, कर्जाचा डोंगर झाला. तेव्हा १८५३ मध्ये रेसिडेंट कर्नल लो याने निजाम नासिरुद्दौला याच्याशी तह केला. त्या तहाने इतर काही मुलखाबरोबर वऱ्हाडही इंग्रजांच्या ताब्यात गेले; त्याच्या वसुलातून फौजेचा खर्च भागवावयाचा होता. १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपये खंड ठरवून वऱ्हाड इंग्रजांकडे कायमचे राहिले. मुलूख एक, बोली एक, सोयरिकी एक. पण मधून कागदावर एक रेघ ओढली गेली. त्या रेघेच्या अलीकडे निजामाचा हाली सिक्का चाले, पलीकडे इंग्रजी रुपया. निजामाच्या राज्याची जकातही वेगळी होती. तिला करोडगिरी म्हणत.

"म्हणजे हिंगोलीच्या शिपायांचा पगार चुकला, आणि वऱ्हाड गेले!" वऱ्हाडकर उद्गारले.

"आणि तू साहेबाची रयत झालास, मी निजामाची राहिलो. वर्षानुवर्षे आपण एकमेकांना चिडवतो ते त्या एका कागदाच्या जोरावर."

वऱ्हाडकर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी आपल्या आजीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांच्या मैत्रीत ती त्यांनी कधी सांगितली नव्हती. आजीचे माहेर रेघेच्या अलीकडचे. दिवाळीला भाऊ न्यावयास येई. नाक्यावर तिचे गाठोडे सोडून पाहत. चारचौघांत आपले कपडे उलगडले जातात याची तिला फार लाज वाटे. धाकट्या बहिणीसाठी घेतलेले कोरे लुगडे मालात धरले जाईल, या भीतीने ती ते स्वतःच नेसून निघे आणि माहेरी पोहोचल्यावर घडी घालून बहिणीला देई. बहीण म्हणे, "अक्का, नवे म्हणतेस आणि घामाचा वास येतो!" ही गोष्ट सांगताना आजी हसे, पण पुढेपुढे तिने माहेरी जाणे कमीच केले.

"तिला वाटे, नाक्यावरचा शिपाईच दुष्ट," वऱ्हाडकर म्हणाले. "त्या बापड्याला तरी कोठे ठाऊक होते, की आपण कोणाच्या कर्जासाठी गाठोडी सोडतो आहोत!"

उठून दोघे सुलतान बाजाराकडे वळले. एके काळी हा भागही रेसिडेन्सीच्या अमलाखाली होता. या परिसरात अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १९०७ मध्ये स्थापन झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था येथलीच. वसमत भागातून येऊन हैदराबादेत न्यायमूर्तिपदापर्यंत चढलेले केशवराव कोरटकर यांचे नाव या शहराच्या मराठी शिक्षणाशी कायमचे जोडले गेले आहे. जेथे न्यायालयाची आणि दरबाराची भाषा उर्दू होती, तेथे मुलांना मातृभाषेचे धडे मिळावेत म्हणून या माणसांनी कष्ट घेतले. एका दुकानापुढे दोन बायका भाजीचा भाव मराठीत करीत होत्या. दोघे मित्र उगाचच तेथे रेंगाळले.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात एकत्र आले, आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. त्या एकाच दिवशी कनेरगावपासून हैदराबाद दुरावले आणि वाशीम जवळ आले. २०१४ पासून हे शहर तेलंगणाची राजधानी आहे. सीमा अशा सरकतात. माणसांना त्या ओलांडाव्या लागतात. कोणी लुगडे नेसून ओलांडतो, कोणी शब्द घेऊन.

दिवे लागले. पाय दुखत होते. पण दोघांनाही गाडीची घाई वाटत नव्हती. वऱ्हाडकरांनी पिशवीतील बांगड्यांचे पुडके काढले, कागद सोडून एकदा सगळ्या नीट मोजल्या आणि पुन्हा बांधल्या.

"चोवीस आहेत," ते म्हणाले. "तुझ्या नाक्यावर कोणी विचारले तर सांगता आले पाहिजे."

"विचारतो कोण आता!" कनेरगावकर म्हणाले, आणि त्यांनी ते पुडके आपल्याच पिशवीत ठेवून घेतले.